दुसऱ्या पावसाळ्यातला रस्ता

२९ मे हा संयुक्त राष्ट्रांचा शांतिसैनिक दिन. त्या दिवशी आमच्या तालुक्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. मंगल कार्यालयात कुलर लावूनही अंगाची लाही होत होती. एका निवृत्त साहेबांनी भाषणात पत्रकारांना धारेवर धरलं. आमची पोरं परमुलखात जाऊन रस्ते बांधतात, दवाखाने चालवतात, आणि पेपरात छापून येतात ते फक्त स्फोट आणि प्रेतं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग एक तरुण वार्ताहर उठला. पत्रकार म्हणजे सैन्याचा प्रचारक नव्हे, सैनिकाला शाबासकी हवी असेल तर ती त्याने सरकारकडे मागावी, असं तो म्हणाला. मागच्या रांगांतून त्यालाही टाळ्या पडल्या. पुढे तासभर हेच चाललं. मी २०१८-१९ मध्ये दक्षिण सुदानात मलकालला भारतीय बटालियनमध्ये हवालदार होतो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक साक्षीदार म्हणून माझ्याकडे पाहत होते. मी गप्प बसलो. तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

उद्ध्वस्त देशाच्या उभारणीबद्दल वाईट बातम्या येतात, ही आम्हा सैनिकांची तक्रार मला चुकीची वाटते. बातमी एकदा येते आणि पुन्हा येत नाही, हे खरं दुखणं आहे. तेच दुखणं आम्हा सैनिकांच्या साक्षीलाही आहे, कारण आम्हीही एकदाच जातो.

मलकाल हे पांढऱ्या नाईलच्या काठावरचं शहर. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि अडीच वर्षं व्हायच्या आत, डिसेंबर २०१३ मध्ये, तिथे यादवी पेटली. पुढच्या दीड-दोन वर्षांत हे शहर सरकार आणि बंडखोर यांच्यात इतक्यांदा या हातातून त्या हातात गेलं की भिंती उरल्या, छपरं उरली नाहीत. मी पोचलो तेव्हा हजारो माणसं संयुक्त राष्ट्रांच्या तळाला लागून, कुंपणाच्या आत, ताडपत्रीखाली राहत होती. दिवसा शहरात जाऊन आपलं घर पाहायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, असा त्यांचा दिनक्रम होता.

पण मला सगळ्यात आधी ओळखीची वाटली ती माती. आपल्या वऱ्हाडात आहे तशीच काळी, चिकण माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडला की पायातला बूट ओढून घेणारा चिखल. अशा मातीवर रस्ता करायचा म्हणजे मुरूम हवा, आणि तो जवळपास मिळत नाही. तिकडच्या इंग्रजीतसुद्धा मुरमाला ‘मुरम’च म्हणतात. पहिल्यांदा वायरलेसवर तो शब्द ऐकला तेव्हा गावाकडून कोणी हाक मारल्यासारखं वाटलं होतं. आमच्या इंजिनिअर कंपनीत नांदेडकडचा एक सुभेदार होता. उन्हाळ्यात एका तुकड्यावर मुरूम पडला, रोलर फिरला, रस्ता हातावर घ्यावा असा दिसत होता. फोटो निघाले. पावसाळ्याच्या मध्यावर आम्ही त्याला संरक्षण देत त्याच जागी गेलो. त्याने गाडीतून पहार काढली आणि रस्त्याच्या मधोमध मारली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. बाजूला नाली नव्हती, पाण्याला वाट नव्हती, त्यामुळे सगळा मुरूम काळ्या मातीने गिळला होता. तो म्हणाला, “रस्ता पहिल्या पावसात ओला होतो, दुसऱ्यात कळतो.” पुढच्या उन्हाळ्यात नाल्या खोदून, मोऱ्या टाकून तोच तुकडा पुन्हा केला. तो दुसऱ्या पावसाळ्यात टिकला का? मला सांगता येत नाही, कारण पावसाला तोंड लागायच्या आत आमच्या बटालियनची बदली झाली होती.

सैनिकाच्या साक्षीची मर्यादा ती इथे आहे. बटालियन वर्षभरासाठी जाते. आपण रस्ता होताना पाहतो, शाळेवर पत्रे चढताना पाहतो, लेकरू बरं होऊन आईच्या पाठीवर घरी जाताना पाहतो, आणि ते सगळं खरं असतं. मग आपण विमानात बसतो आणि जन्मभर तेच सांगत राहतो. मेळाव्यातले साहेब खोटं बोलत नव्हते. ते एका वर्षाचं सांगत होते.

आता वार्ताहराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण माझे माजी सैनिक मित्र नेमका तोच टाळतात. वाईट बातमीने माणसं वाचतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या दोन तालुक्यांएवढ्या भागात अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. २०११ च्या सोमालियानंतर जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. हाडाची काडं झालेली लेकरं जगभरच्या पडद्यांवर दिसली, धान्य गेलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो भाग दुष्काळाच्या व्याख्येतून बाहेर आला. हे दाखवू नका असं कोण म्हणेल? अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी दाखवून दिलं आहे की जिथे वर्तमानपत्रं मोकळी असतात तिथे दुष्काळाचा भूकबळीत शेवट होऊ देणं सरकारला परवडत नाही, आणि चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं मेली त्याचं एक कारण म्हणजे ते छापणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे १९७२-७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर ऐन भरात ५० लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणाऱ्या हातांची बातमी होत राहिली, विधिमंडळात आवाज होत राहिला, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा आला.

दुसरा मुद्दा त्याहून बोचरा आहे. सैनिक स्वतःच्या चुकांची बातमी देत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलकालच्या त्याच तळाला लागून, आमच्या सगळ्यांच्या संरक्षणाखाली म्हणून राहत असलेल्या लोकांवर हल्ला झाला. किमान पंचवीस माणसं मेली, राहुट्या जळाल्या. आदेश कोणाचा आणि बळ कधी वापरायचं याबद्दल गोंधळ होता, सैनिक आणि मुलकी अधिकारी यांच्यात समन्वय नव्हता, हे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनेच मान्य केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये राजधानी जुबात लढाई झाली. तळापासून हाकेच्या अंतरावर मदत संस्थांच्या माणसांवर अत्याचार झाले आणि कोणी वेळेत धावून गेलं नाही. पत्रकारांनी ते प्रकरण धसास लावलं, चौकशी बसली आणि नोव्हेंबरमध्ये शांतिसेनेच्या सेनापतीला पद सोडावं लागलं. हे सगळं आम्ही निळ्या टोप्यावाल्यांनी आपणहून जगाला सांगितलं असतं? मी तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो, नसतं सांगितलं. वर्दीत आपल्या माणसाला झाकण्याची सवय रक्तात उतरते.

आणि आशावादाचं म्हणाल तर अफगाणिस्तानकडे बघा. वीस वर्षं अमेरिकी अधिकारी वरच्यांना कळवत राहिले की प्रगती होते आहे. डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने शेकडो मुलाखती प्रसिद्ध केल्या, तेव्हा दिसलं की त्यांतल्या कित्येकांना खाजगीत वेगळंच वाटत होतं. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. तेव्हा “मैदानातल्या माणसालाच खरं कळतं” हे वाक्य मी आता जपून वापरतो. मैदानातल्या माणसाला मैदान कळतं. निकाल कळायला थांबावं लागतं.

एवढं सगळं कबूल केल्यावर मग पत्रकारांशी माझं भांडण उरतं ते कशाचं? मलकालला बाहेरचे पत्रकार यायचे ते संयुक्त राष्ट्रांच्याच विमानाने. दोन दिवस, फार तर तीन. परतीची जागा आधीच ठरलेली. दोन दिवसांत काय दिसणार? जे मोडलं आहे ते लगेच दिसतं, जळलेली भिंत वाट पाहत उभीच असते. सावकाश सांधलं जातं ते दिसायला आधी काय होतं हे माहीत लागतं. शहरातलं एखादं घर पुन्हा शाकारलं गेलं, तर पहिल्यांदा आलेल्याला ते नुसतं एक गवताचं घर वाटतं. त्या छपरासाठी तीन वर्षांनी कोणीतरी रात्री शहरात झोपायची हिंमत केली, हे त्याला कसं कळावं?

याहून एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. आमच्या बटालियनबरोबर लष्कराचे पशुवैद्य असतात, मलकालला भारताचा जनावरांचा दवाखाना आहे. तिथे गुरं म्हणजे बँक, नवरीसाठी द्यायचं देज, इज्जत, सगळं काही. भांडणंही गुरांवरून आणि समेटही गुरांवरच. एका शिबिरात लसी टोचणं आणि जंताचं औषध पाजणं चाललं होतं, मी पहाऱ्यावर होतो. एक उंच म्हातारा लांब शिंगांची गाय घेऊन आला. तिच्या कपाळावर त्याने राख फासली होती. ती गाय बिथरू नये म्हणून तो तिच्या मानेखालची पोळी खाजवत होता, हुबेहूब माझे वडील खाजवायचे तसं. औषध पाजून झालं. त्याने दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाषा मला म्हणाला, “तो विचारतो, हिला पुढच्या वर्षी पुन्हा टोचावं लागेल म्हणता, तर पुढच्या वर्षी कोण येणार?” मी म्हणालो, दुसरी बटालियन येईल. म्हाताऱ्याने गायीची दोरी हातावर गुंडाळली. त्याला दुसरी बटालियन नको होती. या गायीला ज्याने पाहिलं आहे असा माणूस हवा होता.

माझे मित्र इतिहासाचा दाखला देतात तो जर्मनीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मोठ्या साप्ताहिकाने लिहिलं होतं की आपण युरोपातला विजय हातचा घालवतो आहोत. पुढे जर्मनी कसा उभा राहिला बघा, तेव्हाही पत्रकार चुकलेच होते, असं ते म्हणतात. मला हा दाखला उलटा वाटतो. १९४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीत माणसं खरोखर उपाशी होती, कुडकुडत होती. बातमी खरी होती. ती खरी होती म्हणूनच जून १९४७ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांना नवी योजना मांडावी लागली आणि पुढच्या चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले. त्या पैशांचा हिशेब लागत राहिला, कारण पत्रकार आणि हिशेबनीस तिथून निघून गेले नव्हते. उभारणी वाईट बातमीमुळे अडली नाही. “सगळं छान चाललं आहे” असं सगळे म्हणत राहिले असते तर मात्र अडली असती.

याच्या उलट आपलं स्वतःचं उदाहरण. सीमा सडक संघटनेने अफगाणिस्तानात झारंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला आणि जानेवारी २००९ मध्ये तो त्या देशाच्या हवाली केला. त्यासाठी आपली माणसं मेली. जून २०१६ मध्ये हेरातजवळच्या सलमा धरणाचं उद्घाटन झालं, ४२ मेगावॅटचं. माणूस मेला तेव्हा बातमी आली, फीत कापली तेव्हा बातमी आली. काबूल पडलं त्या आठवड्यात आमच्या गावच्या पारावर एका कास्तकाराने मला विचारलं, “काहो, मंग आपल्या धरणाचं काय झालं? पाणी चालू आहे का नाई?” इतका नेमका प्रश्न त्या आठवड्यात मी पाहिलेल्या एकाही चॅनेलने विचारला नाही. आरडाओरडा मात्र अहोरात्र चालू होता. अमेरिकेने निदान एक काम केलं होतं. पुनर्उभारणीचा हिशेब घ्यायला २००८ मध्ये स्वतंत्र महानिरीक्षक नेमला. त्याची माणसं बांधून झालेल्या शाळा पुन्हा पाहायची, आणि काही ठिकाणी पटापेक्षा फारच कमी पोरं आढळल्याचं लिहायची. अमेरिकेने अफगाणिस्तानच्या उभारणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर घातले. त्यातलं कुठे काय झिरपलं हे आज जे थोडंफार कळतं ते या परत जाणाऱ्या माणसांमुळे.

हे दूर देशांचं पुराण मी वऱ्हाडात बसून कशाला सांगतो? कारण आमच्याकडेही युद्ध न होता हेच झालं आहे. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आमच्या धुळीच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या गाड्यांची रांग लागली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांचे चेहरे जवळून, अगदी जवळून दाखवले गेले. मी ते चुकीचं म्हणत नाही. त्या चेहऱ्यांमुळेच पॅकेज आलं. पण पॅकेजात दुधाळ जनावरंही होती, आणि आमच्या गल्लीतल्या एका माऊलीकडे एक संकरित गाय आली. बारा-चौदा लिटरची, थंड हवेची. आमच्या मे महिन्यात तिला दिवसातून चारदा पाणी मारावं लागे, आणि त्या माऊलीकडे प्यायला दोन हंडे पाणी. हिरवा चारा नाही, ढेपेला पैसे नाहीत. दीड वर्षात ती गाय विकली गेली. गाय आली त्या दिवशी फोटो निघाला होता. विकली त्या दिवशी बाजारात मी होतो, रजेवर आलेलो. तिथे कॅमेरा नव्हता. मलकालच्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मला इतका लागला तो यामुळे.

गोसीखुर्द धरणाचं घ्या. एप्रिल १९८८ मध्ये वैनगंगेवर पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. आज खर्च हजारो कोटींवर गेला आहे, आणि जी मुलं पायाभरणीला शाळेतून रांगेने नेली होती त्यांची लेकरं आता कॉलेजात असतील. पायाभरणीची बातमी, भूसंपादनाच्या मोर्चाची बातमी, घोटाळ्याची बातमी, असं अधूनमधून येत राहिलं. पण अमुक कालव्याच्या अमुक चारीला या रब्बीत पाणी पोचलं की नाही, हे सलग पाच वर्षं छापलं गेलेलं कोणी पाहिलं आहे का?

यावर वार्ताहराचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. तो पोरगा माझ्या मित्राचा मुलगा आहे. त्याला मिळतं ते नावापुरतं मानधन. १५ ऑगस्टला आणि दिवाळीला जाहिराती गोळा कराव्या लागतात, आणि बहुतेक वेळा त्या ज्यांच्याकडून आणायच्या त्यांनीच रस्ता बांधलेला असतो. पेट्रोल पदरचं. दुसऱ्यांदा त्याच रस्त्यावर गेलास तर डेस्क म्हणतं, हे आपण छापलं आहे, नवीन काय? मलकालमध्ये याहून वाईट होतं. तिथल्या स्थानिक पत्रकाराला पेट्रोलच्या आधी जिवाचा हिशेब करावा लागे. जानेवारी २०१५ मध्ये दक्षिण सुदानात पाच पत्रकार एकाच हल्ल्यात मारले गेले होते. म्हणजे ज्याला परत जाता येतं, जो तिथेच राहतो, ज्याला आधीचं माहीत आहे, त्यालाच सगळ्यात कमी पैसा आणि सगळ्यात जास्त धोका. विमानाने येणाऱ्याला नाव मिळतं. ही रचना बदलल्याशिवाय “मीडियाने चांगलं दाखवावं” म्हणणं म्हणजे नाली न खोदता मुरूम टाकणं आहे.

“जुनीच गोष्ट पुन्हा कोण वाचतं?” हा डेस्कचा आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. आमच्या गावात पेपर आला की पहिलं कोणतं पान उघडतं? बाजारभावाचं. कापूस, सोयाबीन, तूर, तेच तीन-चार शब्द आणि रोज बदलणारा आकडा. वर्षानुवर्षं तेच छापतात, आणि ते शिळं झालं असं कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात धरणसाठ्याची चौकट रोज येते आणि लोक ती बोट ठेवून वाचतात. म्हणजे एकाच गोष्टीकडे रोज परत जायची कला पेपरला येते. ती फक्त बाजार आणि पाऊस यांच्यापुरती ठेवली आहे. मलकालच्या राहुट्यांतसुद्धा लोक रेडिओ मिरायाला कान लावून बसायचे. तो संयुक्त राष्ट्रांचाच रेडिओ, त्यामुळे आमच्या बाजूचं थोडं जास्त सांगणार हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते ऐकायचे, कारण नदीवाटेने बोट आली का, कोणता रस्ता सुरू आहे, कुठे गोळीबार झाला, हे त्यावर पुन्हा पुन्हा सांगितलं जाई. घर सोडून आलेल्या माणसाला चांगली बातमी हवी की वाईट, हा प्रश्नच पडत नाही. परत जाता येईल का, एवढंच त्याला ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला त्याला कालच्या पुढची आजची खबर लागते.

शांतिसेनेत मेलेल्यांत भारताचा आकडा सगळ्या देशांत मोठा आहे, पावणेदोनशेच्या वर. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगले प्रांतात गुमुरुकजवळ आपले पाच जवान एका ताफ्याचं रक्षण करताना पडले. त्यांच्या शवपेट्यांवरचा तिरंगा आपण टीव्हीवर पाहिला. ज्या वाटेसाठी ते पडले त्या वाटेवरून आज कोण जातं-येतं, हे त्यांच्या गावातल्या माणसांना कोणी सांगितलं पाहिजे. त्यांच्यावर अन्याय वाईट बातमीने होत नाही. ती वाट चालू असली तर चालू आहे, आणि बंद पडली असली तर बंद पडली आहे, हे लिहायला कोणी परत गेलं नाही, तर होतो.

मेळावा संपल्यावर मी त्या वार्ताहराला बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. आमच्या शिवारातल्या पांदण रस्त्याचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. मुरूम ताजा, दोन्ही धुऱ्यांना फुलांच्या माळा, आणि त्यानेच फोटोसह बातमी दिली होती. मी विचारलं, नाली आहे का तिला? तो म्हणाला, “काका, ते पाहिलंच नाई मी.” मग बराच वेळ तो कप हातात धरून उभा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या पांदणीवर जाणार आहोत, आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा. तो वही आणणार आहे. मी घरची पहार घेणार आहे.